अठरा अंगठे

देवराव बारापात्रेला आजवर कुणी पुढारी म्हटलं नव्हतं, आणि त्याला तशी हौसही नव्हती. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडले की त्याचा दिवस उगवायचा आणि पाय वर काढले की मावळायचा. पण अडुसष्ट सालच्या जानेवारीत हा माणूस लेकीपायी पुढारी झाला. होळीपर्यंत त्याचं पुढारीपण संपलंही. नागपुरात त्याच्याहून मोठे पुढारी याहून कमी दिवसांत संपलेले आहेत, पण त्यांचं काही गेलं नाही.

त्याची ही लेक पुष्पलता. वय पंधरा, इयत्ता सातवी. पंधराव्या वर्षी सातवीत म्हणजे पोरगी ढ असेल, असं कुणी समजू नये. आईसोबत चरख्यावर सुताच्या कांड्या भरण्यात तिची चार वर्षं गेली, म्हणून शाळेत नाव घालायलाच उशीर झाला होता. वर्गात ती पहिली यायची. त्यांच्या ताणीगल्लीत कुणाचं पत्र आलं किंवा सरकारी कागद आला की लोक आधी पुष्पाकडे यायचे आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवायचे. मास्तरीण व्हायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ते तिच्या मनातून बापाच्या मनात कधी उतरलं ते दोघांनाही कळलं नाही. धोटा इकडून तिकडे फेकताना देवराव मनातल्या मनात तिला पांढरी साडी नेसवायचा, हातात हजेरीबुक द्यायचा आणि वर्गावर पाठवून यायचा.

अडचण एकच होती. गल्लीच्या तोंडाशी मुलींची शाळा होती, ती सातवीला संपायची. आठवी पाहिजे तर दोन बस बदलून धरमपेठेकडे जा. हे नाव निघालं की देवरावाची बायको पार्वतीबाई चरखा थांबवायची.

"धरमपेठ काय अन् मुंबई काय, मले दोन्ही सारख्याच," ती म्हणायची. "इथं गल्लीत आठवी निघाली तं शिकवा, मी आडवी नाही येत. नाही निघाली तं उमरेडची सोयरीक आलीच हाये. पोरगा निर्व्यसनी हाये, घरचे दोन माग हायेत. ते लोक पाडव्यापर्यंत थांबतो म्हणून राहिले."

पार्वतीबाई काही लेकीच्या वाईटावर नव्हती. तिच्या माहेरी एक पोरगी शाळेच्या जाण्यायेण्यात बदनाम झालेली तिनं पाहिली होती, आणि ती पोरगी पुढं विहिरीत सापडली होती. तेव्हापासून लांबची शाळा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं विहीर यायची. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी शाळेच्या हेडबाई शोभाताई स्वतः देवरावाच्या घरी आल्या. नवा नियम निघाला होता. ज्या वॉर्डातले दोनशे मतदार लेखी मागणी करतील, त्या वॉर्डात जूनपासून मुलींचा आठवीचा वर्ग उघडायचा. मात्र अर्जावरची प्रत्येक सही आणि प्रत्येक अंगठा वॉर्ड ऑफिसनं मतदार यादीशी ताडून पाहायचा, दोनशे खरे निघाले तर शिक्का मारायचा, आणि मगच अर्ज वर जायचा. शिक्क्याची शेवटची तारीख एकतीस मार्च.

"मी नोकरीतली बाई आहे," शोभाताई म्हणाल्या. "मी दारोदार फिरले तर माझ्यावरच कागद निघेल. गल्लीतलं कुणीतरी पाहिजे."

"मी फिरतो," देवराव म्हणाला. असं पटकन काही बोलून जाण्याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे बोलल्यावर तोच दचकला.

शोभाताईंनी अर्ज लिहून दिला आणि शाईचं पॅडही दिलं. पुष्पानं फुलस्केप कागदांवर रेघा मारल्या, अनुक्रम टाकले, मतदार यादीत होती तशी नावं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि प्रत्येक नावापुढं रिकामा चौकोन सोडला. देवराव ते कागद घेऊन निघाला. पण कोष्ट्याच्या घरी दिवसा गेलं की माणूस मागावर असतो, आणि मागावरचा माणूस मान वर करत नाही. "उद्या या गा देवराव," सगळे म्हणायचे. पंधरा दिवसांत कसे तरी साठ चौकोन भरले.

मग त्याला पांजणीची युक्ती सुचली. ताणा म्हणजे विणायचे उभे धागे; तो मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते, ती पांजणी. पहाट सरता सरता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या कैचीवर ताणा पसरायचा, कण्यांची दाट पेज करून त्यावर चोपडायची, आणि दोघांनी दोन बाजूंनी लांब कुंचा ओढत न्यायचा. बाया मागून तुटलेले धागे सांधत येतात. ऊन चढायच्या आत काम उरकलं नाही तर ताणा कडक होऊन मोडतो. एकट्या घरानं ते होत नाही, म्हणून आज तुझी पांजणी तर उद्या माझी, असं करून सगळी गल्ली तिथं हजर असते. दारोदार हिंडून जी माणसं सापडत नव्हती ती सगळी एका रांगेत उभी असायची. देवरावाला वाटलं, एवढी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही.

पुढच्या पाच पांजण्यांना तो कागद घेऊन उभा राहिला. काम संपलं की लोक धोतराला, पदराला हात पुसायचे, सही येणारे सही करायचे आणि बाकीचे पॅडवर अंगठा दाबून चौकोनात उठवायचे. थट्टा चालायची. "देवराव आता इलेक्शनले उभा राह्यते," कुणी म्हणायचं. लोक हसायचे आणि अंगठे द्यायचे. गल्लीचे पंच धोंडबाजी हेडाऊ यांनी तर सगळ्यांत आधी अंगठा दिला आणि मागच्यांना दटावलं, "पोट्टीच्या शाळेचं काम हाये, द्या मुकाट्यानं."

एका सकाळी घरी आल्यावर पुष्पानं कागद उजेडात धरून पाहिले. "बाबा, याच्यात रेघा दिसून नाही राहिल्या. नुसते काळे गोल हायेत."

"कोष्ट्याच्या अंगठ्याले कुठल्या रेघा वं," देवराव म्हणाला. "साऱ्या सुतानं घासून नेल्या."

पुष्पाला ते पटलं. बापाचा हात तिनं जन्मापासून पाहिला होता, तो गुळगुळीतच होता.

चार मार्चला दोनशे चौदा नावं घेऊन बापलेक वॉर्ड ऑफिसात गेली. तिथं मनोहरराव म्हणून एक वयस्क कारकून होते. चष्मा कपाळावर, बोलणं हळू. त्यांनी कागद चाळले आणि पुष्पाचं अक्षर पाहून विचारलं, "हे कुणी लिहिलं?" देवरावानं लेकीकडे बोट केलं. "आमच्या ऑफिसात असं अक्षर नाही," मनोहरराव म्हणाले. "ताडून ठेवतो. आठ दिवसांनी या." त्या दिवशी येताना देवरावानं तिला आलूबोंडा खाऊ घातला आणि स्वतः दोन खाल्ले.

बारा मार्चला दोघं परत गेली. मनोहररावांनी कागद टेबलावर पसरले. नव्वद चौकोनांवर लाल फुली होती.

"देवराव, हे अंगठे नाहीत, हे डाग आहेत," ते म्हणाले. "एकातही रेघ नाही. वाटेल त्याचे असू शकतात. साहेबांनी एकही धरला नाही. अंगठे घेताना बोटांना काय लागलेलं होतं?"

देवरावानं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. सुतानं रेघा पुसट होतात हे खरं, पण जात नाहीत. बारीक का होईना, त्या होत्या. मग त्याला पांजणी आठवली. पेज बोटांच्या रेघारेघांत बसते, वाळते आणि वरून गुळगुळीत होते. धोतराला पुसून ती निघत नाही. चाळीस वर्षं त्याचे हात त्या खळीत होते आणि हे त्याला सुचलं नव्हतं. पोरीनं दाखवलं तेव्हा तर तो हसला होता.

"नव्वद गेले, म्हंजे एकशे चोवीस रायले," तो म्हणाला. "शहात्तर पाह्यजेत. हात धुऊन घेतो साऱ्यांचे. एकोणीस दिवस हायेत."

मनोहररावांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ड्रॉवरमधून एक चिठोरं काढलं. "कालच पत्र आलं," ते म्हणाले. "वरची बैठक अलीकडे घेतली आहे. शिक्क्याची मुदत आता सोळा मार्च, दुपारी बारा. मी काय करू? त्यांनी मला विचारून बदलली नाही."

तारखा बदलणाऱ्याला तारीख म्हणजे शाईची एक रेघ असते. खोडली, दुसरी मारली. खाली कुणाचा श्वास अडकतो ते त्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही. बारा मार्चची दुपार कलली होती. चौदाला होळी, पंधराला धुळवड. मनोहररावांनी एवढं मात्र कबूल केलं की सोळाला सकाळी आणले तरी ते बसून ताडून देतील.

पुढचे साडेतीन दिवस ताणीगल्लीनं एक अजब गोष्ट पाहिली. देवराव एका हातात गरम पाण्याचा गंज आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी घेऊन दारोदार फिरत होता. तो लोकांसमोर उकिडवा बसायचा आणि त्यांचा अंगठा स्वतः धुवायचा. पुष्पा टॉवेलनं कोरडा करायची, पॅडवर टेकवायची आणि उजेडात धरून रेघा पाहायची. ज्यांनी दिले त्यांनी चांगल्या मनानं दिले. पण बरेच लोक होळीसाठी गावी गेले होते, कुणी उमरेडला, कुणी पारशिवनीला. धुळवडीला जे घरी होते त्यांचे हात रंगानं माखलेले, आणि काहींना तर आपला अंगठा कोणता तेच सांगता येत नव्हतं.

पण खरा घात झाला तो धोंडबाजींच्या ओट्यावर. धुळवडीच्या दुपारी देवराव तिथं गेला. गल्लीतली अर्धी माणसं ओट्यावर आणि ओट्याखाली बसली होती. धोंडबाजींनी पाण्याचा गंज पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझा अंगठा खोटा म्हणते तुझं ऑफिस?" त्यांनी विचारलं.

"खोटा नाही, धोंडबाजी. उमटला नाही. माझी चूक हाये. मीच खळीच्या हातानं घेतला."

"चाळीस वर्सं पंच हाये मी. याच अंगठ्यानं किती घरचे वाटे केले, किती लेकीबाळी नांदाले धाडल्या. आज दुसऱ्यांदा अंगठा देऊ, म्हंजे पयला खोटा होता हे मीच कबूल करू? अन् उद्या ज्यायचे वाटे केले ते येऊन म्हणतीन, धोंडबा, आमच्या कागदावरचाबी खोटाच होता का गा?"

असं कोडं सरकारला सुचलं नसतं आणि वकिलालाही सुटलं नसतं. धोंडबाजींची सगळी अब्रू त्या एका अंगठ्यावर उभी होती, आणि तो एकदा दिला की दिला, हीच तिची किंमत होती. देवरावाला हे समजत होतं. तरी त्यानं गंज खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत धोंडबाजींच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या पोरीसाठी द्या," तो म्हणाला. "पुन्हा कधी काही नाही मागणार."

धोंडबाजींनी पाय मागं घेतले. ते उठून आत निघून गेले. पंचानं दिला नाही म्हटल्यावर ओट्यावरच्या बाकीच्यांनीही नजर चुकवली. "आमी काय मग शहाणे?" असं कुणीतरी पुटपुटलं. पुष्पा टॉवेल हातात घेऊन मागं उभी होती. देवराव उठला, धोतराला लागलेला गुलाल झटकला आणि पुढच्या दाराकडे वळला.

सोळा तारखेला सकाळी मनोहररावांनी एकेक नाव यादीशी ताडलं. नवे अठ्ठावन्न, सगळे स्वच्छ. जुने एकशे चोवीस. एकूण एकशे ब्याऐंशी. त्यांनी दोनदा मोजलं. मग पेन्सिल कानावर ठेवून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. पावणेबारा वाजले होते.

"अठरा कमी आहेत," ते म्हणाले.

"अठरानं काय होते, साहेब?" देवराव म्हणाला. "पोरी तं तेवढ्याच हायेत. एक पोरगी कमी नाही होत."

"दोनशे म्हणजे दोनशे. माझ्या हातात असतं तर मी या अक्षरावरच शिक्का मारला असता." त्यांनी कागद पुठ्ठ्याच्या फाइलीत घालून नाडी बांधली. "हे राहू द्या इथंच."

शोभाताई असत्या तर काही खटपट झाली असती. पण त्या आईच्या आजारपणासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत रजा घेऊन काटोलला गेल्या होत्या. देवराव लेकीला घेऊन ऑफिसच्या पायऱ्या उतरला. "या पायऱ्या पुन्हा नाही चढत मी," तो म्हणाला. वाटेत तिची शाळा लागली, तेव्हा तिनं डोक्यावरून पदर घेतला. ती तोवर कधी पदर घेत नसे.

त्या दिवसापासून देवरावाचं अन्न तुटलं. तो मागावर बसायचा, पण विणलेलं उसवावं लागायचं. भाकरी समोर आली की चतकोर खाऊन ताट सारायचा. जेवताना त्याची नजर उजव्या हाताच्या अंगठ्यावर जायची आणि तो हात मांडीखाली घ्यायचा. ज्या लेकीसाठी आभाळ आणायला निघाला, तिचं होतं नव्हतं तेवढं आपणच पेजेत बुडवलं, याहून वेगळं काही त्याला सुचत नव्हतं.

पाडवा आला आणि उमरेडचे लोक आले. होणारा नवरा जागेश्वर खरोखरच शांत, मान खाली घालून बसणारा पोरगा होता. त्याच्या बापानं सहज सांगितलं की आमच्या घरी रोजचा पेपर येतो, पोरीला वाचता येईल. बुडणाऱ्याला काडी पुरते. देवरावानं तो पेपर घट्ट धरला. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला, आणि त्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "जावयाच्या घरी पेपर येते बापा. पोरगी रोज वाचीन." त्या रात्री महिन्याभरानं पहिल्यांदा तो दोन भाकरी जेवला. मे महिन्यात लग्न झालं. वरातीत लोकांनी त्याला नाचायला ओढलं, आणि तो नाचला.

जुलैत रेशनकार्डावरून पुष्पाचं नाव कमी करायचं होतं, म्हणजे ते उमरेडच्या कार्डावर चढलं असतं. रेशनची खिडकी त्याच वॉर्ड ऑफिसच्या इमारतीत, मागच्या बाजूला होती. पायऱ्या चढायला नकोत म्हणून देवराव मागूनच गेला. खिडकीवर त्याच्या डोळ्यांदेखत कारकुनानं "पुष्पलता" या नावावर रेघ ओढली. कार्ड खिशात घालून तो वळला तर समोर मनोहरराव उभे.

"अहो देवराव, तुम्ही कुठे गायब झालात?" ते म्हणाले. "मी तुमची वाट पाहिली. तुम्ही आलाच नाहीत."

"कायले येऊ, साहेब?"

मनोहररावांचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्हाला कळलं नाही?"

मग त्यांनी सांगितलं. मधेच होळी आली म्हणून साऱ्या वॉर्डांतून ओरड झाली होती. एप्रिल लागताच नवं पत्र आलं आणि मुदत पुन्हा वाढली, तीस एप्रिलपर्यंत. पुढच्या भिंतीवर नोटीस महिनाभर चिकटवलेली होती. आधीचे खरे धरलेले अंगठे तसेच चालणार होते, फक्त कमी असतील तेवढे आणायचे. शेजारच्या वॉर्डानं दोनशे तीन आणले. त्यांची आठवी जूनमध्ये सुरूही झाली.

"तुमच्याकडे शिपाई पाठवायचं मनात होतं," मनोहरराव म्हणाले. "रोज मनात यायचं. कामात राहून गेलं." ते आत गेले आणि फाइल घेऊन आले, जणू ती दाखवली म्हणजे आपण काही तरी केलं असं होईल. नाडी तशीच बांधलेली होती. आत पुष्पाचं अक्षर होतं, एकशे ब्याऐंशी नावांपुढं हिरव्या पेन्सिलीची खूण, आणि शेवटच्या पानावर शिक्क्यासाठी सोडलेली कोरी जागा.

वरातीमागून घोडं म्हणतात ते गमतीनं. इथं वरात खरीच निघून गेली होती आणि घोडं ऑफिसच्या भिंतीवर महिनाभर बांधलेलं होतं. तीस एप्रिल. लग्नाची तारीख मे महिन्यातली. एप्रिलात अठरा अंगठ्यांसाठी किती दिवस हातात होते ते देवराव मोजत राहिला, आणि दरवेळी ते पुरेसेच निघत होते.

नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला तो उमरेडला गेला. बसमध्ये त्यानं ठरवलं, सांगायचं नाही. पोरगी नांदते आहे, तिच्या जिवाला कशाला घोर. पण सोयऱ्यांच्या अंगणात पुष्पा चरख्यापुढं बसून कांड्या भरत होती, तिच्या बाजूला घडी घातलेला पेपर होता, आणि ते पाहून त्याचा निश्चय तिथंच मोडला.

"पुष्पे," तो तिच्याजवळ जमिनीवरच बसला. "मुदत वाढली होती वं. तीस एप्रिल केली होती. अठराच पाह्यजे होते."

पुष्पानं चरखा थांबवला नाही. "मले माहीत होतं, बाबा."

"कवा?" देवरावानं विचारलं.

"साक्षगंधाच्या दोन दिवस आधी मायसंग इतवारीत लुगडी घ्याले गेलती ना, तवा येताना ऑफिसच्या भिंतीवर वाचलं. पुरं वाचलं. माय पुढं चालून राहिली होती."

"मंग बोलली काहून नाही?"

चरखा थोडा मंदावला. "सांगाले म्हणूनच पळत आली होती. दारात आली तं तुमी ओट्यावर बसून हसून राहिले होते. लोकायले पेपरचं सांगून राहिले होते." तिनं तुटलेला धागा बोटांनी वळून सांधला. "अन् मले तो दुसरा ओटा आठवला. धोंडबाजीचा. तुमी त्यायच्या पायावर डोकं ठेवलं अन् त्यायनं पाय मागं घेतले. सारी गल्ली पाहून राहिली होती. जे अठरा पाह्यजे होते ते सारे, गावी गेलेलेबी, त्यायच्याच मागचे होते, बाबा. तुमाले पुन्हा तिथंच जा लागलं असतं."

"गेलो असतो वं," देवराव म्हणाला. "शंभर खेपा गेलो असतो."

"तेच तं," पुष्पा म्हणाली. "तुमी गेले असते."

पंधरा वर्षांच्या पोरीनं बापाची मान खाली जाऊ नये म्हणून आपली शाळा सोडून दिली होती, आणि कुणालाही कळू दिलं नव्हतं. आणि बाप तिच्या वरातीत नाचला होता. देवराव सोयऱ्यांच्या अंगणात, भर दुपारी, लहान मुलासारखा हुंदके देत रडू लागला. आवाज ऐकून जागेश्वर मागावरून उठून आला, सासू दारात आली. काय झालं, काय झालं, असं दोघं विचारू लागले. पुष्पा चरख्यावरून उठली, बापाला पाण्याचा पेला दिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"काही नाही," तिनं त्यांना सांगितलं. "बाबाले बस लागते."